लाखात एक गुणिले अकराशे... मग एवढे मोठे दीर्घिका समूह झाले कसे?

सत्तरीची_बाई

नमस्कार सगळ्यांना. मी गोव्यात वाळपईच्या बाजूला एका हायस्कूलात नववी-दहावीला विज्ञान शिकवते, पुस्तकं इंग्रजीत पण समजावणं सगळं मराठी नि कोंकणीत, आणि शनिवारी शाळा सुटल्यावर तासभर आमचं विज्ञान मंडळ असतं तिथे मुलं मनात येईल ते विचारतात. गेल्या शनिवारी विषय होता विश्वाची सुरुवात. मी सांगितलं की विश्वाचं वय १३८० कोटी वर्षं, पहिली ३ लाख ८० हजार वर्षं सगळीकडे तापलेला धूसर वायू, मग तो निवला, पारदर्शक झाला, आणि तेव्हा सुटलेला प्रकाश आजही सगळ्या दिशांनी आपल्याकडे येतोय, आता त्याचं तापमान २.७ केल्विन, आणि तो इतका एकसारखा आहे की आकाशात इथे नि तिथे तापमानात फरक साधारण लाखात एक. इथपर्यंत सगळं ठीक चाललं.

मग आठवीतली एक मुलगी, ती अशीच ताईबरोबर येऊन बसते, म्हणाली टीचर एवढं सगळं सपाट होतं तर दीर्घिका कुठून आल्या आणि त्यांचे हजार हजारांचे समूह कुठून आले. मी म्हटलं गुरुत्वाकर्षण, जिथे किंचित जास्त माल होता तिथे अजून माल ओढला गेला. ती गप्प बसली पण माझंच समाधान होईना म्हणून घरी येऊन वाचत बसले. वाचलं ते असं की प्रसरण पावणाऱ्या विश्वात दाट जागा आणि सरासरी यांच्यातला फरक वाढतो खरा, पण विश्व जितके पट ताणलं जातं तितकेच पट वाढतो. तेव्हापासून आजपर्यंत विश्व सुमारे ११०० पट ताणलं गेलंय. म्हणजे लाखात एक गुणिले ११००, उत्तर जेमतेम शंभरात एक. तीन वेळा करून बघितलं, एक टक्काच येतो. म्हणजे आज सगळ्या विश्वात कुठेही सरासरीपेक्षा एखादा टक्का जास्त नाहीतर कमी एवढाच फरक असायला हवा, दीर्घिका नकोत, तारे नकोत, वाळपई पण नको. आणि क्लस्टर, म्हणजे दीर्घिकांचे मोठे समूह, तर सरासरीच्या शेकडो पट दाट असतात म्हणे. माझं कुठे चुकतंय ते कुणी सांगेल का? येत्या शनिवारी हाच हिशेब फळ्यावर मांडायचा आहे.

आणि त्याच मुलीचा दुसरा प्रश्न, आपली आकाशगंगा कुठल्या समूहात आहे?

मांडवीकाठचा

बाई, तुमचं कुठेच चुकलेलं नाही. मी तीस वर्षं कॉलेजात फिजिक्स शिकवलं, आता निवृत्त आहे, आणि तुम्ही जो एक टक्का काढलात तो बघून मला खरंच आनंद झाला, कारण अशाच हिशेबाने १९८० च्या आसपास या विषयातल्या लोकांना छळलं होतं. विश्वात फक्त आपल्या ओळखीचा पदार्थ, म्हणजे प्रोटॉन, न्यूट्रॉन, इलेक्ट्रॉन एवढाच असता तर उत्तर एक टक्काच, आणि तुम्ही म्हणता तसं वाळपई पण नाही. (तापमानातला फरक नि घनतेतला फरक तंतोतंत एक नाही, घनतेतला तिप्पट धरावा लागतो, पण मग तीन टक्के, त्याने काही बिघडत नाही.)

चूक गृहीतकात आहे. त्या प्रकाशात जो लाखात एक दिसतो तो प्रकाशाचा आणि प्रकाशाला बांधलेल्या वायूचा फरक. ३ लाख ८० हजार वर्षं होईपर्यंत वायू आणि प्रकाश एकमेकांना चिकटून होते, मोकळे इलेक्ट्रॉन प्रकाशाला सुटू देत नव्हते, त्यामुळे वायू कुठे गोळा व्हायला गेला की आत कोंडलेला प्रकाश त्याला परत बाहेर ढकलायचा, परत आत, परत बाहेर, अशा त्या ध्वनिलहरीच होत्या. म्हणजे वायूला त्या काळात ढेकूळ करायची मुभाच नव्हती. पण डार्क मॅटर, मराठीत कृष्ण पदार्थ म्हणतात, त्याचा प्रकाशाशी काही संबंधच नाही. प्रकाश त्याला ढकलत नाही. तो आपला शांतपणे गोळा होत राहिला, विश्व साधारण ५० हजार वर्षांचं झालं आणि पदार्थाचं पारडं प्रकाशापेक्षा जड झालं तेव्हापासून तर जास्तच जोमाने. त्यामुळे प्रकाश सुटला त्या वेळी वायूत लाखात काही एवढाच फरक असला तरी डार्क मॅटरमध्ये, क्लस्टर व्हायला लागते तेवढ्या आकाराच्या जागांमध्ये, फरक हजारात एकाच्या आसपास गेला होता, आणि काही ठिकाणी नशिबाने त्याच्या दुप्पट-तिप्पट. आता तुमचाच गुणाकार करा. हजारात दोन गुणिले ११००, दोनच्या वर जातं.

खाजन, म्हणजे खाडीकाठची बांध घातलेली शेती, माहीत असेलच. मानशीचं, म्हणजे बांधातलं, दार उघडलं की पाणी कुठेही पसरत नाही, आधीच खणून ठेवलेल्या चरांत शिरतं. तसे चर डार्क मॅटरने आधी खणून ठेवले होते, प्रकाश सुटला तेव्हा दार उघडलं आणि वायू त्यात उतरला. नुसत्या वायूनेच चर खणायला घेतले असते तर आज आपण अजून पहिल्या कुदळीवर असतो.

आणि दुसरी गोष्ट, ती पण मुलांना सांगा. तो 'तितकेच पट वाढतो' नियम फक्त फरक लहान असेपर्यंतच चालतो. फरक एकच्या जवळ आला, म्हणजे जागा सरासरीच्या दुप्पट दाट व्हायला लागली, की नियम सुटतो. बोडगेश्वराच्या जत्रेत खाज्याच्या दुकानासमोर चार माणसं थांबली की पाचवा बघायला थांबतो, पन्नास थांबली की वाटच अडते आणि मग इच्छा असो नसो सगळेच तिथे अडकतात, तसंच. त्या जागेपुरतं विश्वाचं प्रसरण मंदावतं, थांबतं, आणि तेवढा गोळा उलटा फिरून आत कोसळतो. कोसळून स्थिर झाला की त्याची घनता त्या वेळच्या सरासरीच्या साधारण २०० पट भरते. तुम्ही जे शेकडो पट वाचलंत ते हे. कागदावर करता येणारा हिशेब आहे, गोल चेंडू धरला तर उत्तर १७८ येतं, अकरावी-बारावीच्या मुलाला थोडी मदत केली तर जमण्यासारखा.

नाव हवं असेल तर जेम्स पीबल्स, २०१९ चं नोबेल. त्यांनी १९८२ मध्ये हेच मांडलं की प्रकाशाला न जुमानणारा पदार्थ जास्त असेल तर तो सगळीकडून येणारा जुना प्रकाश एवढा सपाट असूनही दीर्घिका होऊ शकतात. तेव्हा तो लाखात एक सापडलासुद्धा नव्हता, फक्त दहा हजारात एकापेक्षा कमी आहे एवढंच कळलं होतं. तो सापडला १९९२ मध्ये, कोबे उपग्रहाच्या मोजणीतून.

कुंकळ्ळीकर

सर, मी मेकॅनिकल इंजिनियर आहे, खगोलशास्त्र हौसेने वाचतो, आणि तुमचं सगळं आदराने वाचलं पण एक गोष्ट मला कायम खटकते ती सरळ विचारतो. हिशेब जुळत नाही म्हणून न दिसणारा पदार्थ घातला, आणि किती घातला तर हिशेब जुळेल एवढा. आमच्या कामात कुणी असं केलं तर ड्रॉइंग परत पाठवतात. युरेनस चुकीच्या जागी दिसत होता म्हणून न दिसणारा ग्रह धरला आणि १८४६ मध्ये नेपच्यून खरंच सापडला, हे मान्य, पण बुध चुकीच्या जागी दिसत होता तेव्हाही असाच व्हल्कन नावाचा ग्रह धरला होता, लोक वर्षानुवर्षं शोधत बसले, आणि शेवटी १९१५ मध्ये आइनस्टाइनने गुरुत्वाकर्षणाचा नियमच सुधारला तेव्हा कळलं की तिथे काही नव्हतंच. मग डार्क मॅटर नेपच्यून आहे की व्हल्कन, हे कशावरून ठरवायचं? बाईंनी मुलांना फळ्यावर हे शिकवायच्या आधी तेवढं तरी स्पष्ट व्हावं.

क्ष_किरण

कुंकळ्ळीकर दादा, प्रश्न शंभर टक्के रास्त आहे, आणि याचं उत्तर क्लस्टरमध्येच सगळ्यात चांगलं मिळतं म्हणून मी लिहितेय. मी म्हापशाची, सध्या पुण्यात एमएस्सी करते, प्रोजेक्ट क्लस्टरमधल्या गरम वायूवरच आहे त्यामुळे थोडं लांबेल, सांभाळून घ्या.

पहिलं म्हणजे डार्क मॅटर बाईंच्या हिशेबासाठी घातलेलं नाही. त्याच्या ५० वर्षं आधी, १९३३ मध्ये, फ्रिट्झ झ्विकी कोमा क्लस्टरकडे बघत होता. कोमा म्हणजे आपल्यापासून साधारण ३२ कोटी प्रकाशवर्षांवर हजाराहून जास्त दीर्घिकांचा गोळा. त्याने त्यातल्या काही दीर्घिकांचे वेग मोजले तर एकमेकींच्या तुलनेत सेकंदाला हजार किलोमीटरच्या घरात. इतक्या वेगाने पळणाऱ्या दीर्घिका एकत्र धरून ठेवायला दिसणाऱ्या ताऱ्यांचं वजन अजिबात पुरत नव्हतं, समूह कधीच उधळून जायला हवा होता. त्याचा आकडा फुगलेला होता, कारण तेव्हा अंतरं चुकीची धरली जायची आणि गरम वायूची कुणाला कल्पना नव्हती, पण मुद्दा टिकला.

आता हा गरम वायू, माझा आवडता विषय. दीर्घिकांचा समूह हे नावच मला थोडं फसवं वाटतं. क्लस्टरचं शंभर किलो वजन केलं तर त्यात तारे भरतील दोन-तीन किलो, वायू बारा-तेरा किलो, आणि उरलेलं पंच्याऐंशीच्या आसपास डार्क मॅटर. म्हणजे ज्याच्या नावाने आपण ओळखतो तो सगळ्यात कमी. आणि हा वायू ३ कोटी ते १० कोटी अंश तापलेला असतो. एवढा तापतो कशाने हे मला पहिल्या वर्षी कळत नव्हतं, मग एकाने दूधसागरचं उदाहरण दिलं आणि डोक्यात बसलं. दूधसागर ३१० मीटर उंच, वरचं पाणी खाली पडतं तेव्हा पडण्याची सगळी ऊर्जा पाण्यातच राहिली तर ते पाऊण अंशाच्या आतबाहेर तापेल, बस. क्लस्टरमध्ये वायू पडतो तो लाखो प्रकाशवर्षं खोल खड्ड्यात, खाली पोचेपर्यंत वेग सेकंदाला हजार-दोन हजार किलोमीटर, आणि तिथे दुसऱ्या बाजूने येणाऱ्या वायूवर आदळून तो वेग सगळा उष्णतेत जातो. म्हणजे तापमान मोजलं की खड्डा किती खोल ते कळतं, म्हणजेच क्लस्टरचं वजन. वायू इतका विरळ की लिटरभर जागेत साधारण एखादा कण, गाभ्याकडे दहा-वीस, पण जागा प्रचंड असल्यामुळे क्ष-किरणांत लखलखीत दिसतो. १९७० मध्ये केनियातून सोडलेल्या उहुरू उपग्रहाने हे प्रथम नीट दाखवलं, आणि आज आपल्या चंद्रशेखरांच्या नावाची चंद्रा दुर्बीण १९९९ पासून तेच काम करतेय. पर्सियस क्लस्टरच्या वायूत तर २००३ मध्ये ध्वनिलहरी सापडल्या, मधल्या सप्तकाच्या ५७ सप्तकं खालचा सूर. गोव्यात घराघरात पेटी आहे म्हणून मुद्दाम सांगितलं.

तर दादा, तीन वेगळ्या रीतींनी वजन करता येतं. दीर्घिकांचे वेग ही झ्विकीची रीत. वायूचं तापमान ही दुसरी. आणि तिसरी भिंगाची, क्लस्टरच्या गुरुत्वाकर्षणाने मागच्या दीर्घिकांचा प्रकाश वाकतो आणि त्यांच्या लांबट कमानी दिसतात, जेम्स वेब दुर्बिणीचा जुलै २०२२ मधला पहिला रंगीत फोटो तुम्ही पाहिलाच असेल, त्यात मधल्या क्लस्टरभोवती वाकलेल्या नारिंगी रेघा आहेत त्या ह्याच. तिन्हींचा एकमेकींशी संबंध नाही तरी उत्तर जवळपास एकच येतं.

आणि नेपच्यून की व्हल्कन, याला सगळ्यात जवळचं उत्तर बुलेट क्लस्टर. आपल्यापासून पावणेचारशे कोटी प्रकाशवर्षांच्या आसपास, दोन क्लस्टर एकमेकांतून आरपार गेलेत. वायू वायूवर आपटला, ब्रेक लागला, मध्येच अडकला. दीर्घिका विरळ असतात त्या न धडकता पुढे निघून गेल्या. आता वजन कुठे असायला हवं? डार्क मॅटर नसेल तर वायूकडे, कारण वायू ताऱ्यांच्या कित्येक पट जड. २००६ मध्ये भिंगाच्या रीतीने नकाशा काढला तर वजन वायूजवळ नव्हतं, दीर्घिकांबरोबर पुढे गेलेलं होतं. गुरुत्वाकर्षणाचा नियम कसाही वाकवा, वजन ज्या जागी पदार्थ नाही तिथे दाखवणं फार कठीण जातं. नियम बदलणाऱ्या सिद्धांतांनी एकेका दीर्घिकेचं फिरणं छान सांगता येतं हे खरं, मी त्यांना हसणार नाही, पण क्लस्टरवर आले की त्यांनाही काहीतरी न दिसणारं वजन वरून घालावंच लागतं.

कबूल करायची गोष्ट एकच, जमिनीखाली एवढे प्रयोग चाललेत पण डार्क मॅटरचा कण अजून एकाही प्रयोगात हाती लागलेला नाही. नेपच्यून दुर्बिणीतून दिसला तसा हा अजून दिसलेला नाही.

कुंकळ्ळीकर

बुलेट क्लस्टरचा फोटो मी कित्येकदा पाहिला होता, गुलाबी आणि निळा रंग, पण गुलाबी म्हणजे वायू नि निळा म्हणजे वजन, आणि ते दोन वेगळ्या जागी आहेत हाच त्यातला मुद्दा, हे आज कळलं. आता माझं मत बरंच सरकलं आहे असं प्रामाणिकपणे सांगतो. कण सापडेपर्यंत थोडी जागा मोकळी ठेवीन, पण ड्रॉइंग परत पाठवणार नाही.

उत्तराफाल्गुनी

बाई, तुमच्या त्या आठवीतल्या मुलीच्या दुसऱ्या प्रश्नाकडे सगळ्यांनी दुर्लक्ष केलं म्हणून मी लिहितो, फोंड्याहून. लहानपणी पणजीला जुंता हाऊसच्या गच्चीवर दुर्बिणीतून शनी पाहिला तेव्हापासून हे वेड, आता स्वतःची आठ इंची आहे.

आपली आकाशगंगा मोठ्या क्लस्टरमध्ये नाही. आपण एका छोट्या वाड्यावर राहतो, आपण, देवयानी म्हणजे अँड्रोमेडा, आणि बाकी बऱ्याच बारक्या दीर्घिका. देवयानी २५ लाख प्रकाशवर्षांवर आणि सेकंदाला ११० किलोमीटरने आपल्याकडेच येतेय, म्हणजे आमच्या वाड्यावर प्रसरण कधीच थांबलंय, सरांनी सांगितलेली 'उलटा फिरतो' ती पायरी इथे चालू आहे. आपल्याला सगळ्यात जवळचं शहर म्हणजे कन्या राशीतला व्हर्गो क्लस्टर, साधारण ५ कोटी ४० लाख प्रकाशवर्षांवर, हजार-दीड हजार किंवा त्याहूनही जास्त दीर्घिका, आणि त्याच्या मधोमध मेसिये ८७ ही दीर्घिका, जिच्या कृष्णविवराचा फोटो २०१९ मध्ये पेपरात आला होता, साडेसहाशे कोटी सूर्यांच्या वजनाचं. तो प्रकाश निघाला तेव्हा आंबोली घाटातला काळा दगड थंड होऊनही एक कोटीच्या वर वर्षं झाली होती, दख्खनचा लाव्हा साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचा. मी पोरांना हे दगडावर हात ठेवून सांगतो, तेव्हा त्यांना 'जुना' शब्दाचा अर्थ कळतो.

आणि हा क्लस्टर गोव्यातून दिसतो, नुसता दिसत नाही तर डोक्यावर येतो! आपलं अक्षांश साडेपंधरा, मेसिये ८७ बारा अंशांच्या थोडं वर, म्हणजे माथ्यापासून तीनच अंश दक्षिणेला. दिल्ली-बिल्लीवाल्यांना हे भाग्य नाही. एप्रिलच्या मध्याला रात्री साडेअकराच्या सुमारास माथ्यावर, मेच्या मध्याला साडेनऊला. सिंहेचं शेपूट म्हणजे उत्तरा फाल्गुनीचा तारा, तिथून पूर्वेला कन्येतल्या विंडेमियाट्रिक्स ताऱ्यापर्यंत रेघ काढा, साधारण अर्ध्या वाटेवर कमी पॉवरचं भिंग लावून हळूहळू फिरवत राहिलं की एकामागून एक पुसट कापसाचे बोळे यायला लागतात, मेसिये ८४ आणि ८६ तर शेजारी शेजारी, एकाच नजरेत. फोटोतल्यासारखा रंग-बिंग काही नाही हे मुलांना आधी सांगून ठेवा, नाहीतर हिरमुसतात. पणजी, मडगाव, कळंगुटच्या उजेडातून मात्र विसरा, सत्तरीचं आकाश हवं, तेही वळवाचे ढग यायच्या आत.

मेसिये ८६ दिसला की एक गोष्ट जरूर सांगा. अख्खा व्हर्गो क्लस्टर आपल्यापासून सेकंदाला हजारेक किलोमीटरने दूर चाललाय, पण ही एक दीर्घिका आपल्याकडे येतेय, सेकंदाला सुमारे २४० किलोमीटरने. कारण ती त्या क्लस्टरच्या मागच्या बाजूने आत पडतेय आणि पडण्याचा वेग एवढा की विश्वाच्या प्रसरणावर मात करून वर उरतो. झ्विकीने कोमामध्ये जे आकड्यांत पाहिलं ते तुमच्या शाळेच्या मैदानावरून, त्या एका बोळ्यात दाखवता येतं.

मांडवीकाठचा

उत्तराफाल्गुनी, सुंदर. मेसिये ८६ चं मला सुचलं नसतं. त्यावरून एक पुढचा मुद्दा राहतो तो लिहितो, कारण बाईंनी 'वाढ' हा शब्द वापरलाय आणि मुलं हमखास विचारतील की मग आता पुढे काय, अजून मोठे मोठे गोळे होत राहणार का.

क्रम असा की आधी लहान, मग मोठं. आधी बारक्या दीर्घिका, त्या एकत्र येऊन मोठ्या, आणि क्लस्टर सगळ्यात शेवटी, बहुतेक मोठे क्लस्टर गेल्या ८०० कोटी वर्षांतले, व्हर्गोमध्ये तर मेसिये ८६ सारख्या अजून पडतायत. एकेकाळी उलटंही वाटत होतं. झेल्डोविच आणि रशियातली मंडळी म्हणायची आधी मोठे पत्रे तयार होतात आणि ते फाटून दीर्घिका होतात, डार्क मॅटर म्हणजे न्यूट्रिनो नावाचे अतिशय हलके कण असते तर तसंच झालं असतं कारण ते इतके वेगवान की लहान ढेकळं पुसून टाकतात. १९८३ च्या सुमाराला संगणकावर तसं विश्व करून पाहिलं तर ते खऱ्या दीर्घिकांच्या नकाशाशी जुळेना, म्हणून तो विचार मागे पडला आणि सावकाश चालणारं, थंड डार्क मॅटर उरलं. पण झेल्डोविचचं पत्रे आणि धाग्यांचं चित्र आजही खरं आहे. रात्रीच्या विमानाने दाबोळीला उतरताना खिडकीतून बघा, मडगाव वास्को लखलखीत, त्यांना जोडणाऱ्या रस्त्यांवर दिव्यांच्या माळा, आणि मध्ये पूर्वेला सह्याद्रीचा मोठा काळोख. विश्वाचा नकाशा तसाच दिसतो, गाठीवर क्लस्टर, धाग्यांवर दीर्घिका, मध्ये रिकाम्या पोकळ्या. फरक एवढाच की या नकाशात वस्ती धाग्यांवरून वाहत गाठीकडे जात असते.

या गाठी-धाग्यांच्या मोठ्या झुबक्याला महासमूह म्हणतात आणि त्यातला एक मराठी माणसाने अभिमानाने सांगावा असा आहे, सरस्वती. पुण्याच्या आयुका आणि आयसर या संशोधन संस्थांच्या शास्त्रज्ञांनी २०१७ मध्ये जाहीर केला. मीन राशीच्या दिशेला, ४०० कोटी प्रकाशवर्षांवर, ६० कोटी प्रकाशवर्षं पसरलेला, चाळीसच्या वर क्लस्टर, आणि वजन २ कोटी अब्ज सूर्यांएवढं. मीन म्हणजे आपली उत्तरा भाद्रपदा नि रेवती नक्षत्रांची रास, मुलांना पंचांगातून पत्ता सांगता येईल.

पण असे महासमूह सगळेच्या सगळे टिकणार नाहीत, हे मला या विषयातलं सगळ्यात हलवून टाकणारं वाटतं. साधारण ५००-६०० कोटी वर्षांपूर्वी डार्क एनर्जीचा, म्हणजे विश्वाला ताणणाऱ्या न दिसणाऱ्या ऊर्जेचा, जोर वाढला, प्रसरण परत वेग घ्यायला लागलं. आज विश्वात तिचा वाटा ६८ टक्के, डार्क मॅटर २७, आपण सगळे मिळून ५. जत्रेत गर्दी जमतेय तोच मैदानच पसरायला लागलं तर जे आधी एकमेकांचा हात धरून उभे आहेत तेच एकत्र राहतील, बाकीचे लांब जातील. क्लस्टर हात धरून आहेत, ते राहतील. महासमूहाच्या कडा नाही राहणार. आपण आणि व्हर्गोसुद्धा हात धरलेले नाही, त्याच्या ओढीने आपलं दूर जाणं थोडं मंदावतं एवढंच, फार फार काळाने तो आपल्याला दिसायचाही बंद होईल.

क्ष_किरण

सरांच्या शेवटच्या मुद्द्याला आधार देते. वाढ मंदावतेय हे नुसतं गणित नाही, मोजलेलं आहे, क्लस्टर मोजून. जुन्या काळातले, म्हणजे लांबचे, मोठे क्लस्टर किती आणि अलीकडचे किती, असं शिरगणती करून बघायचं. चंद्रा दुर्बिणीच्या क्लस्टरांवरून २००८-०९ मध्येच दिसलं की डार्क एनर्जी नसती तर आज जेवढे भारी क्लस्टर असायला हवे होते त्यापेक्षा ते कमी आहेत. आता २०२४ मध्ये ईरोसिटा या क्ष-किरण दुर्बिणीने अर्ध्या आकाशातले १२ हजारांवर समूह नोंदवले, आणि त्यांच्या मोजणीतून निघालेलं विश्वाचं गुठळीपण त्या ३ लाख ८० हजार वर्षांच्या प्रकाशावरून काढलेल्या आकड्याशी जुळलं. म्हणजे बाई, तुमच्या गुणाकाराची सुरुवात एका टोकाला आणि उत्तर दुसऱ्या टोकाला, दोन्ही वेगवेगळ्या लोकांनी वेगवेगळ्या यंत्रांनी मोजली, आणि मधला हिशेब डार्क मॅटर आणि डार्क एनर्जी धरूनच जुळतो. कुंकळ्ळीकर दादांना हे मुद्दाम सांगायचं होतं.

अजून एक, खोडदचा जीएमआरटी, म्हणजे मोठी रेडिओ दुर्बीण, नारायणगावजवळ, ४५ मीटरच्या ३० तबकड्या, तिथे दोन क्लस्टर आपटतात तेव्हा कडेला उठणाऱ्या धक्क्यांची रेडिओ खूण पकडतात. शाळेची सहल पुण्याकडे जाणार असेल तर विज्ञान दिनाच्या आसपास बघा, त्या दिवसांत लोकांसाठी उघडा असतो.

सत्तरीची_बाई

आज शनिवार, आत्ताच घरी आले. सगळं वाचून गेले होते तरी मी आधी काहीच सांगितलं नाही, फक्त फळ्यावर लाखात एक लिहिलं, खाली ११०० लिहिलं आणि म्हटलं गुणा. एक टक्का आला. मग विचारलं, हे बरोबर असेल तर आपण इथे कसे? पंधरा मिनिटं वर्गात जी चर्चा झाली ती मला आयुष्यभर पुरेल. एक म्हणाला ११०० चुकीचं असेल, एक म्हणाला लाखात एक चुकीचं मोजलं असेल, एक म्हणाला गुरुत्वाकर्षण तेव्हा जास्त असेल. आणि आठवीतली ती, ती म्हणाली, 'टीचर, प्रकाशात दिसतं तेवढंच तिथे होतं असं कशावरून?' मी खडू खाली ठेवला. सर, तिला खाजन नि मानशीचं सांगितलं, तिच्या आजोबांचं शेत दिवाडीला आहे, तिला लगेच कळलं.

दूधसागरचा हिशेब दहावीच्या मुलांनी स्वतः केला, ०.७ आला. बुलेट क्लस्टरचा फोटो मोठ्या स्क्रीनवर दाखवला, रंग कुठला कशाचा ते आधी न सांगता.

उत्तराफाल्गुनी दादा, मुख्याध्यापकांना विचारलं, मैदान रात्री वापरायला हरकत नाही म्हणाले, पालकांची परवानगी मी घेते. एप्रिलच्या अमावास्येजवळचा शनिवार चालेल का? आठ इंची आणाल का? साधारण पस्तीस मुलं असतील, आणि मी. देव बरें करूं सगळ्यांचं.

उत्तराफाल्गुनी

चालेल बाई, नक्की येतो. अंधार पडायच्या आत पोचतो म्हणजे दुर्बीण बाहेरच्या हवेत थंड व्हायला वेळ मिळेल. दहा वाजता क्लस्टर पुरेसा वर आलेला असेल, तोवर मुलांना गुरू नाहीतर शनी जो असेल तो दाखवू. मैदानाच्या कोपऱ्यातला हायमास्ट दिवा असेल तर तो बंद ठेवायची परवानगी पंचायतीकडून आधीच काढून ठेवा, आणि टॉर्चना लाल जिलेटीन गुंडाळून आणायला सांगा. पस्तीस मुलं म्हणजे प्रत्येकाला दोन मिनिटं धरली तरी सत्तर मिनिटं, त्या मुलीला पहिला नंबर द्या.